गस्तीची वही

दरोड्यानंतर तिसऱ्या दिवशी
वाळपईच्या ठाण्यातून एक वही आली.
खताच्या दुकानाच्या कॅलेंडरशेजारी
शिपायाने ती खिळ्याला टांगली.
दर दोन तासांनी पोलिसाची सही.

मंत्री येऊन गेले. कॅमेरे मोजले,
कुणाचीही गय नाही म्हणाले,
शहाळं अर्धंच प्याले.
चोर्ल्याच्या घाटात नाकाबंदी,
म्हणजे बेळगावची भाजी दुपारी पोचली.

जबाबात सगळं विचारलं:
उंची, बोली, बुटांचा रंग.
पिस्तूल कपाळाला टेकलं तेव्हा
ते थंड नव्हतं,
हे कुणी विचारलं नाही.
खिशात राहून गरम झालं होतं,
माणसाच्या अंगाइतकं.

आता दारावर पाटी आहे:
हेल्मेट, टोपी काढून आत यावे.
पेन्शनला आलेल्या मिनिनने टोपी काढली
आणि टकलावर हात ठेवून
रांगेत उभा राहिला,
इगर्जीत उशिरा पोचल्यासारखा.

काल हवालदार गावस आला,
धापा टाकत.
एका दमात चार सह्या:
दहा, बारा, दोन, चार.
भिंतीवर साडेअकरा.
"एकच जीप गो बाय," म्हणाला,
"तीसुद्धा मंत्र्यांच्या पुढं."

मी काही बोलले नाही.
त्यानं पेन परत दिलं,
ते गरम होतं.