हल्

या गावाचं नाव मराठीत लिहिताना
ल चा पाय मोडावा की तसाच ठेवावा,
सात वर्षं झाली, माझं ठरलेलं नाही.
इथल्यांना विचारून उपयोग नाही,
ते ह सुद्धा गिळतात. नुसतं 'उल्' म्हणतात.

आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे.
निळा डबा कोणत्या मंगळवारी, तपकिरी कधी,
कुणाचं मांजर कुणाच्या शेडमध्ये अडकलं.
समोरच्या नोरीननं एकदा लिहिलं, 'युअर वेलकम',
आणि मी,
बार्शीकडच्या झेडपीच्या शाळेतली मी,
खाली नम्रपणे लिहिलं
की तिथं 'यू आर' हवं, मध्ये अपॉस्ट्रॉफी.
शेवटी एक हसरा चेहरा.

सतरा घरांनी वाचलं.
कुणीच काही बोललं नाही.
इंग्रजाला इंग्रजी शिकवल्याचं सुख
मी चहाबरोबर एकटीनंच घेतलं.

मला हे जमतं, कारण मला हे केलेलं आहे.
चौथीत उभी राहून वाचताना
मी म्हणाले, नदीचं पानी.
टेंब्ये बाई म्हणाल्या, "पाणी. बाणातला ण."
मग तो बाण वर्गभर हिंडला.
मधल्या सुट्टीत नळावर पोरी विचारायच्या,
"काय पितेस गं?"
आणि मी तहान तशीच घेऊन वर्गात यायचे.

पुढं घरी आई 'लोनी' म्हणाली की मी तिला सुधारायचे.
तिनं लोनी काढणं थांबवलं नाही.
माझ्याशी बोलणं थोडं कमी केलं.

आता हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागं माझी नोकरी.
तिथं टिंब म्हणजे टिंबच.
शून्य टिंब पाच लिहिताना टिंब पुसट उठलं
तर कुणाच्या तरी घरी रात्री अँब्युलन्स येते.
तेव्हा मला कुणी सांगू नये, काय फरक पडतो म्हणून.
पडतो.

फेब्रुवारीत तपकिरी डबा ओढताना
पायरीवर घसरले. घोटा मोडला.
प्लास्टर घालून परतले तर फोन थरथरत होता.
नोरीननं बुधवार जसा ऐकू येतो तसा लिहिला होता.
'देअर' तीन तऱ्हेनं लिहितात,
तिनं तिन्ही वापरले होते, तिन्ही भलत्याच जागी.
सूपमधला यू वाटेत कुठं तरी पडला होता,
पण सूप आलं, झाकण गच्च लावून, ब्रेडसकट.
केव्हनं मीठ टाकलं पायरीवर, न विचारता,
एक शब्दही न लिहिता.

टेंब्ये बाईच सांगायच्या,
पाय मोडलेलं अक्षर एकटं राहत नाही पोरींनो,
पुढच्याला टेकतं.
हे मी परीक्षेत लिहून पाच गुण मिळवले होते.

नोरीनला आभार लिहिले.
बराच वेळ ती टाइप करताना दिसत राहिली,
थांबायची, पुन्हा सुरू.
शेवटी दोनच शब्द आले.
'यू आर वेलकम'. अपॉस्ट्रॉफी होता,
एक अक्षर पुढं सरकून बसलेला.
चष्मा लावून, शोधून टाकला असणार बिचारीनं.
तो मला बाणासारखा दिसला.

रात्री दिगाचा मेसेज.
'ताय पाय कसा हाय
आज नळाला पानी आलं चार दिसांनी
मंग फोन लावतो'
अंगठा सवयीनं न वर गेला.
तिथंच राहिला.
चौदा वर्षांत पहिल्यांदा
मला त्याचा आवाज वाचता आला,
मागं हंडा भरत असल्यासारखा.

लिहिलं, 'माझ्या वाटचं पानी पी.'
फोननं पानी खाली लाल रेघ ओढली.
ओढू दे.