एकशे बावीस

धुरी सरांनी चिमट्यात धरून दाखवला होता
रॉकेलच्या बाटलीतला मसुराएवढा तुकडा.
सुरीने कापला तर आत चांदी,
बघता बघता राखाडी.
मग पाण्याच्या घमेल्यात टाकला,
आणि तो पळत सुटला पाण्यावर, फुसफुसत,
पिवळी ठिणगी होऊन संपला.
पहिल्या बाकावरची शेवंती ओरडली, "आये गे!"

हा सोडियम.
दुसरा, सर म्हणाले, शाळेत ठेवायची परवानगी नाही.
पण वास तुम्हाला ठाऊक आहे.
ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल टाकतो
तेव्हा नाक धरता ना, तो.

एकाच्या शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, नकोसा.
दुसऱ्याला आठाला एक कमी, जीव टांगलेला.
हा देतो, तो घेतो,
आणि मग दोघांनाही सुटता येत नाही.
याला बंध म्हणतात. लिहून घ्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं.
ते उंबऱ्याबाहेर पाय धूत होते,
पोटऱ्यांवर पांढरी रेघ, भरतीची खूण असते तशी.
आग एक, विख एक,
नि दोघांचं मिळून मीठ. आपल्या पेजेतलं.
ते थोडा वेळ तांब्या धरून उभे राहिले.
"मगे आमचा लगीन काय वेगळा हुता?"
आत आईने पळी आपटली.

दुसऱ्या दिवशी शिरोड्याच्या आगरात
त्यांना अणू दाखवायला गेले.
मधल्या वाफ्यात मोहरीचा दाणा ठेवला. हे केंद्रक.
इलेक्ट्रॉन तिकडे,
पलीकडच्या बांधावर कुठेतरी, नक्की सांगता येत नाही.
"नि मधी?"
मधे काही नाही.
बाबांनी फावडी टेकली,
बांधापर्यंत पाहिलं, परत दाण्याकडे पाहिलं.
"काय नाय, नि तरी माझी पाठ दुखता."

पुढे मी रसायन सोडलं, पोस्टात लागले.

काल कुडाळच्या दवाखान्यात
बाबा मला आत्याच्या नावाने हाक मारत होते,
छताकडे बघून बगळे हाकलत होते.
डॉक्टर तरुण. रिपोर्ट बघत म्हणाला,
सोडियम कमी झालंय. एकशे बावीस.
मी हसले.
त्याला वाटलं मला कळलं नाही,
त्याने परत सांगितलं, सावकाश,
"मीठ हो, मावशी. अंगातलं मीठ."

चाळीस वर्षं.
फावडीने ओढलेलं, डोक्यावरून वाहिलेलं,
घामातून परत त्याच चिखलाला दिलेलं.
कुठल्या वहीत होती ही उधारी?

रात्री बाटली लावली.
थेंब.
थेंब.
आत ती दोघं सुटी असतात, हे मला अजून आठवतं.
पाण्याने वेगळं केलेली,
प्रत्येकाभोवती पाण्याचं कोंडाळं,
मयतीला वाडी जमते तसं.
आईला जाऊन सहा वर्षं झाली.

पहाटे बाबांनी डोळे उघडले,
मला माझ्या नावाने हाक मारली
आणि बाटलीकडे बोट केलं.
"ह्या मीठ खंयच्या आगरातला?"
शिरोड्याचं, मी म्हणाले.
त्यांनी बाटली उजेडात न्याहाळली,
व्यापाऱ्याने गोण उघडून बघावी तशी.
"खोटा बोलू नको गो.
आपला असा निवळ नसता."