बस्ता

तासगावच्या पेठेत, बाजार उठल्यावर,
गुरुपादाप्पांनी दुकानाच्या फळ्या आतून लावून घेतल्या,
कंदिलाची वात उतरवली आणि मला म्हणाले,
लिही: लग्नाचा बस्ता.
वधू चि. सौ. कां. वेणू, मौजे सोनखडी.
मी लिहिलं.
खाकी ड्रिल, तागे अकरा.
कुठल्या नवरीला खाकी लागते
हे विचारण्याचा मला पगार नव्हता.

कंट्रोलचे दिवस. कुपनाशिवाय
मढ्यालासुद्धा पांढरं मिळेना,
आणि आमच्या पोटमाळ्यावर, गुळाच्या ढेपांमागे,
मिरजेहून रातोरात आलेलं कापड
कोऱ्या खळीचा वास सोडत पडलेलं.
बाबालाल गाडीवान
बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबून यायचा.

आप्पा काही साधू नव्हते.
वारामागे एक आणा जास्त लावत.
देशाचं काम खरं, पण उधारी ती उधारी.
त्याच महिन्यात पोलीस ठाण्याला
चाळीस कांबळी त्यांनीच पुरवली.
समोरच्याच पानावर आहे. रोख.

ज्ञानू शिंपी मापं घ्यायचाच नाही.
कुणाची घेणार? माणसं डोंगरात.
"पोरंच ती," म्हणायचा, "छाती बत्तीस धरू,
बाह्या जरा लांब ठेवू. वाढतील."

फौजदार आला एका दुपारी.
बोट ओलं करून वही उलटत राहिला.
"ही वेणू," म्हणाला, "हिचं वर्षात तिसरं लग्न?"
आप्पा पानाला चुना लावत होते. लावत राहिले.
"साहेब, नक्षत्र वाईट पोरीचं.
नवरे टिकत नाहीत."
फौजदार खो खो हसला, पान खाऊन गेला.
आप्पांच्या धोतराचा सोगा मात्र
संध्याकाळपर्यंत थरथरत होता.

श्रावणात एक शर्ट परत आला.
धुतलेला, घडी घातलेला.
खिशाखाली रुपयाएवढं भोक.
निरोप एवढाच: रफू करा, दुसऱ्याला होईल.
ज्ञानूनं आतून ठिगळ दिलं,
मग उगाच बाह्या उलगडून पाहिल्या.
आत दुमडलेल्या होत्या,
दोन बोटं.

"रफूचं काय लिहू?" मी विचारलं.
आप्पा म्हणाले, काही लिहू नको.
दिवा लागल्यावर म्हणाले, नको, लिही.
दोन आणे. ज्ञानूला दे.

स्वराज्य आलं. पैसे द्यायला कुणी आलं नाही.
आप्पा मागायला एकदाच गेले, कराडपर्यंत,
स्टँडवर चहा पिऊन उलट्या गाडीनं परतले.
विचारलं तर म्हणाले, गर्दी होती.

आता आप्पा नाहीत. दुकानात त्यांचा नातू,
रेडिमेड विकतो.
लक्ष्मीपूजनाला मात्र वही मलाच लिहायला बोलावतो.
श्री काढतो, हळदकुंकू वाहतो,
आणि पहिलं खातं तेच उतरवतो:
वेणू, मौजे सोनखडी.
मागील पानावरून पुढे.
त्या नावाचं गाव तालुक्यात नाही.
पोरगी आमच्याच वहीत नांदते.