तेहेतिसावं अक्षर

कुताइसी, रिओनीकाठचा छापखाना

बस, त्सिरा. चहा आधी लांब ठेव.
या कीबोर्डनं मागच्या वर्षी एक कप पचवला,
दुसरा पचायचा नाही.

फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस.
म्हणजे आपोआप रांगेत उभ्या राहतात,
ओरडावं लागत नाही.
आणि 'फायनल' हा शब्द या दुकानात काढायचा नाही.
एका लग्नपत्रिकेच्या सात फायनल निघाल्या
ओतियाच्या संगणकात,
आणि छापून गेली ती आठवी,
जिच्यात नवरदेवाचं नाव चुकलं होतं.
लग्न टिकलं. आपले पैसे बुडाले.

उधारीची वही बंद. आता तक्ता आहे:
तारीख, नाव, रक्कम,
आणि चौथ्या रकान्यात माझे शेरे:
'रडतो', 'फोन उचलत नाही', 'आईला सांगावं'.
तीस दिवस उलटले की ओळ लाल होते.
दया करायची तर कर,
पण आधी स्मरणपत्र जाऊ दे. मजकूर तयार आहे,
त्यात 'कृपया' दोनदा आलंय,
तिसऱ्यांदा घालू नकोस.

पडद्यावरचा निळा कागदावर जांभळट उतरतो.
पडदा उजेड दाखवतो, आपण शाई विकतो.
रंग शाईच्या हिशेबात आणून मगच
गिऱ्हाइकाला दाखव.

प्रती तीन. एक इथं,
एक त्या काळ्या डबीत,
एक बातुमीला, माझ्या बहिणीकडे,
आलुबुखारच्या चटणीच्या बरण्यांमागे.
ढगात ठेवू म्हणतेस? ठेव, ती चौथी.
पण महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल उघडून बघ.
न उघडलेली प्रत म्हणजे न चाखलेली आमटी,
मीठ विसरलं हे पानावर बसल्यावर कळतं.

आणि फाइल बाहेर पाठवताना
अक्षरांच्या रेषा करूनच पाठव.
पलीकडे आपला फॉन्ट नसला
तर प्रत्येक अक्षराजागी एक चौकोन येतो:
चार भिंती, आत कुणी नाही.

आता या फॉन्टचं.
ओतियानं काढलाय. रात्री, जेवण झाल्यावर,
मला ऐकू यायची ती फक्त माउसची टकटक.
तेहेतीसपैकी बत्तीस झाली.
शेवटचं, ह, राहिलं.
'क्वचितच लागतं गं ते,' म्हणायचा, 'काढू सावकाश.'

चार वर्षं मी ते चुकवत आले.
मजकूर बदलून घ्यायचा, शब्द फिरवायचा,
गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई भाषेची फार जाणकार.
मग बिचिको आला, एसी दुरुस्तीवाला.
त्याला कार्डावर 'हवा' पाहिजे.
म्हटलं, 'गारवा' लिहू या की.
तो म्हणतो, 'गारवा डोंगरात फुकट मिळतो, ताई,
मी हवेचे पैसे घेतो.'
तीन दिवस ते कार्ड पडद्यावर होतं,
पुढं चौकोन, मागं वा.

काल तू गेल्यावर मी फाइल उघडली.
चौकोन नव्हता.
बराच वेळ बघत राहिले. मोठं करून, अजून मोठं करून,
रेषेवरचे ठिपके दिसेपर्यंत.
पाय जरा जास्त वळवलायस.
ओतिया इतका वळवत नसे,
त्याला कुठंही पोचायची घाई नसायची.
पण बाकीच्या बत्तिसांशेजारी
ते अक्षर उपऱ्यासारखं उभं नाही.
विचारलं नाहीस, ते बरंच केलंस.
मी नाही म्हटलं असतं.

फाइलचं नाव पाहिलं:
वर्ष आधी, मग महिना, मग दिवस,
आणि पुढं नुसता एक आकडा. एक.

त्याच्या मूळ फाइलला मी हात लावलेला नाही.
ती तशीच राहील, बत्तिसांची.
तुझी वेगळी ठेवलीय,
तिन्ही ठिकाणी. बहिणीला फोन केला रात्रीच,
ती म्हणाली, एवढ्यासाठी उठवलंस?

चल, बिचिकोची दोनशे कार्डं लाव.
आधी रद्दीवर एक काढ.
शाई जास्त झाली तर ते ह भरून जाईल,
त्याच्या पोटात थोडी जागा राहिली पाहिजे.