डावा कोपरा

सकाळी साडेनऊला कॉम्प्युटर चालू केला
तर कोपऱ्यात बटण नव्हतं.
बावीस वर्षं डावा-खालचा कोपरा म्हणजे सुरुवात.
आज तिथं नुसता निळा रंग,
आणि सगळी चिन्हं मधोमध गोळा होऊन बसलेली,
गड्ड्याच्या जत्रेत हरवलेली पोरं
चौकीसमोर बसवतात तशी.

रात्री आपोआप झालं, श्रीशैल फोनवर म्हणाला.
अपडेट.
म्हणजे मी कुलूप लावून घरी गेल्यावर
कुणीतरी आत येऊन टेबल फिरवून गेलं.

बाहेर अक्कलकोट रोडला टेम्पो उभा,
चारशे डझन टॉवेल भरलेले, बिल निघायचं बाकी.
ड्रायव्हर दुसऱ्यांदा डोकावून गेला,
काही बोलला नाही, नुसतं घड्याळाकडं बघितलं.

माउसची उजवी कळ दाबली.
आधी शब्दांची यादी यायची,
कडक भाकरीच्या चवडीसारखी, एकावर एक, मोजून घ्यावी अशी.
आता ओळीनं बारकी चित्रं.
कात्री ओळखली.
टॉवेलच्या कारखान्यातली बाई कात्री ओळखतेच.
शेजारी दोन कागद एकमेकांवर पडलेले,
पुढं एक बाण, डबीतून निघालेला,
कुठं चाललाय त्याचं त्याला ठाऊक.
दहावीला मराठीत एकाहत्तर मार्क होते मला.
या चित्रांनी एका सकाळीत अडाणी केलं.

सगळ्यात खाली एक ओळ होती:
आणखी पर्याय दाखवा.
दाबली,
आणि जुनी यादी जशीच्या तशी बाहेर आली!
म्हणजे होती की आतच.
पाहुणे येणार म्हणून
रोजची भांडी माळ्यावर टाकावीत, तशी टाकलेली.

"अक्का, दोन दिवसांत सवय होईल."

नान्नांनाही मालक हेच म्हणाले होते
हातमाग मोडून यंत्रमाग घातले तेव्हा.
सवय झाली. पगार चुकला नाही एकदाही.
फक्त जेवताना मध्येच
त्यांचा उजवा हात ताटावरून उठायचा,
हवेतली दोरी खाली ओढायचा,
आणि शेंगाचटणीचं बोट तसंच वर राहायचं थोडा वेळ.
आम्ही पोरं हसायचो.
आई हसायची नाही.

टेम्पो पावणेबाराला गेला.
बिलावर पार्टीचा पत्ता दोनदा छापला गेला, जाऊ दे.
दुपारभर माझा बाण डाव्या कोपऱ्यात जाऊन धडकत होता,
सतरा वेळा मोजलं, मग मोजायचं सोडलं.
चार वाजता कपाळावरची टिकली काढली
आणि काचेवर, बरोबर त्या जागी, चिकटवली.

श्रीशैल संध्याकाळी टोनर घेऊन आला.
वाकून बघितलं, हसला.
"अक्का, तिथं आता काही नाही."

मला ठाऊक आहे रे.
हाताला तू सांग.