तिसरा कोपरा

चाचणी सोमवारी. गुण वीस.
आज शुक्रवार, आणि सातवी ब ला
अजून कोनमापक सरळ धरता येत नाही.
एकोणचाळीस लेकरं, कंपासपेट्या चौदा,
त्यातल्या दोहोंत नुसते चिंचोके.

मानवतच्या जिनिंगमधला कापूस
खिडकीतून वर्गात येतो, हजेरी न लावता.
फळ्यावर त्रिकोण काढला की
शिरोबिंदूवर एखादा तंतू येऊन बसतो.
मुंजाजी म्हणतो, बाई, बिंदू लई मोठा झाला.
खरंय. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते,
हे सांगताना दर वर्षी मला
आपण थापा मारतोय असं वाटतं.

पुठ्ठा कोण विकत आणणार?
मी उन्हाळाभर लग्नपत्रिका साठवते.
गणपती, मोर, मंगल कार्यालयाचा पत्ता,
आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.
सगळं पालथं घालायचं, कोरी बाजू वर,
कापायचा हवा तसा त्रिकोण,
कोपऱ्यांवर लिहायचं अ, ब, क,
आणि कोपरे फाडायचे.

फाडा म्हटल्यावर वर्ग जरासा थांबला.
शाळेत आजवर त्यांना कुणी फाडा म्हटलं नव्हतं.

मग टर्र, एकोणचाळीस गुणिले तीन.
तिन्ही टोकं एका बिंदूवर, कडेला कड,
खाली सरळ रेघ झाली पाहिजे.
तहसीनची झाली.
प्रज्ञाशीलनं मुद्दाम दाभणासारखा
निमुळता त्रिकोण कापला होता,
गणिताला खोटं पाडायचं म्हणून.
त्याचीही झाली. तो नाराज.

"बाई, माझंच काहून जमना?"
दैवशाला.
तिच्या रेघेत फट, चांगली बोटभर.
तिनं तुकडे सरकवून पाहिले, फिरवून पाहिले,
थुंकी लावून पाहिली.
मला आधी राग आला.
मग, कबूल करते, थोडी भीती:
खरंच एखादा त्रिकोण असा निघाला तर?
आणि तोही चाचणीच्या तोंडावर?

कमी पडलं की दिसतं.
म्हणून मी जास्त झालेलं शोधत
बाकांमधून फिरले.

मुंजाजीचा पंजा रेघेवर पालथा.
काढ म्हटलं. काढेना.
तीसपर्यंत पाढे पाठ असलेलं पोरगं,
आणि त्याच्या क ची कड
दुमडून आत घातलेली, नखानं दाबून दाबून.
जेवढी तिची फट, तेवढीच त्याची घडी.

तुकडे उलटवले.
दैवशालाच्या दोन कोपऱ्यांवर गुलाबी वेल,
तिसऱ्यावर मोराचा निळा पाय.
मुंजाजीच्या दोन निळ्यांत एक गुलाबी,
त्यावर छापलेलं एवढंच:
हं.

"तुझा मपल्याकडं आला व्हता," तो पुटपुटला,
तिच्याकडे न बघता.
अदलाबदल झाली. दोघांचं जुळलं.
तिच्या क वर घडीची रेघ तेवढी राहिली,
माझ्या मोजमापात न बसणारी.
मी फळ्यावर १८० लिहिलं,
खाली दोनदा रेघ ओढली, घंटा झाली.

सोमवार. प्रश्न पहिला, गुण एक:
त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज किती?
रात्री दिव्याखाली गठ्ठा घेऊन बसले.
१८०, १८०, एकाचं १०८,
मुंजाजीचं १८० अंश, सुवाच्य, पट्टीनं अधोरेखित.
मग दैवशाला:
१८०, आपलेच तिन्ही असतील तर.

नमुना उत्तरात हे वाक्य नाही.
एक गुण आहे, तो अर्धा करता येतो,
पण अर्धा कशाचा कापायचा?
लाल पेनच्या टोकावर कापसाचा तंतू अडकलाय,
रेघ ओढली की फराटा उठणार.
खाली तिनं आकृतीही काढलीय, कुणी मागितली नव्हती ती:
तीन कोपरे, अ, ब,
आणि तिसऱ्यावर क लिहायच्या जागी
हं.