खरपुडी : अकरा

कणकुंबीच्या सड्यावर सप्टेंबरात
आम्ही गुडघ्यांवर चालतो.
अनुदानातून घेतलेला जीपीएस
शिदू येडग्याच्या गळ्यात,
कारण माझा चष्मा धुक्यानं आंधळा.

खरपुडी मोजायची. गेल्या साली सतरा होत्या.
परवानगीचा कागद कन्नडमध्ये,
अहवाल इंग्रजीत,
आणि शिदू म्हणतो, "हितं हाय बघा एक."
दिवसभरात तेवढंच मला नीट कळतं.

फूल पेराएवढं, कंदिलाच्या घाटाचं.
आत शिरलेली माशी
नळीतले केस कोमेजेपर्यंत सुटत नाही.
माझं या प्रकल्पात तिसरं वर्ष.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे : स्थानिक उपयोग.
विचारलं. शिदू हसला.
"गुरांमागं भूक लागली की उकरून खायाचो.
थंड, काकडीगत.
एकदा धाकट्या भणीला आठ कांदे नेऊन दिले.
ताप हुता तिला,
दुसरं काय बी गिळंना."

मग गप्प.
मीही पेन उघडंच धरून.
खाली चोर्ल्याच्या वळणावर
कुठलासा ट्रक हॉर्न देत राहिला.

दुपारी आकडा आला : अकरा.
तो एकटाच मागं गेला,
जांभ्याच्या फटीत बोट घालून माती सारखी केली,
आणि परत येऊन म्हणाला,
"ते आठ लिव्हू नका त्यात."

रकान्यात मी लिहिलं : माहिती मिळाली नाही.
पावत्यांच्या फायलीत मात्र
एक दिवसाची मजुरी, चारशे पन्नास,
आणि अंगठा नको म्हणून त्यानं केलेली सही,
वेलांटी उलटी.